प्लगचीच भानगड होती

माझ्या नातवाची गाडी बटण दाबलं की सुरू होते, आणि तो वर असा ऐटीत बसतो की बघणाऱ्याला वाटावं, इंजिन यानंच बनवलंय. चेनला तेल कधी घातलंस रे, असं मी मध्ये विचारलं तर म्हणाला, "आजी, ते सर्व्हिस सेंटरवाले बघतात." बघतात म्हणे! आमच्या घरी सर्व्हिस सेंटर नव्हतं, आमच्या घरी दादा होते. दादा म्हणजे माझे वडील. सरकारी कचेरीत कारकून, अंगानं काटकुळे, आवाजानं दणदणीत, आणि मोटारसायकलचा विषय निघाला की स्वतःला सिव्हिल सर्जनपेक्षा तसूभरही कमी न समजणारे. नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत आमच्या रांगेला तेव्हा दोनच वाहनं होती. एक दादांची लाल टाकीची मोटारसायकल, दुसरी शेजारच्या काकांची स्कूटर. काकांची स्कूटर रोज सकाळी एका अंगावर आडवी करावी लागायची, मग पुन्हा उभी करून किका मारायच्या, मग ती खोकत खोकत सुरू व्हायची. दादा ओटीवर दात घासत ते सगळं शांतपणे बघायचे आणि शेवटी म्हणायचे, "काका, मेहनत आहे हो तुमची." त्यात कौतुक नव्हतं हे काकांनाही कळायचं.

गाडी दादांनी दुसऱ्याकडून घेतलेली होती, पण ती जुनी आहे असं त्यांच्यासमोर बोलायची सोय नव्हती. "वापरलेली," ते दुरुस्त करायचे. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, दादांची खुर्ची आणि आईचं शिवणयंत्र. आई कॉलनीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची, त्यामुळे घरात दिवसभर तिच्या मशीनची खडखड चालायची आणि संध्याकाळी गाडीची डुगडुग यायची. गाडी कोपऱ्यावर वळली की आई चहाचं आधण ठेवायची. ओटीवर पत्र्याखाली गाडी उभी राहिली की दादा आधी पेट्रोलची चावी बंद करायचे, मग टाकीवरून फडकं फिरवायचे, आणि मग आत येऊन आम्हाला ओळख दाखवायचे. आई म्हणायची, "गाडीला विचारून घ्या, चहा घेते का ती." दादा गंभीरपणे सांगायचे, "तिला ऑइल लागतं."

रविवारी मात्र सगळ्या घराची वरात निघायची. बुद्धवंदना झाली की दादा ओटीवर गोणपाट अंथरायचे आणि त्यावर पाने, पक्कड, सॅंडपेपरचा तुकडा असं सगळं मांडायचे. एवढं त्यांचं स्वतःचं. बाकीची हत्यारं घरातून चोरीला जायची. कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, साफ करायला आईच्या स्टोव्हची पिन, केबलमध्ये सोडायला आईच्या मशीनच्या तेलाची बुधली, चेन रॉकेलनं धुवायला कुणाचाही ब्रश, पुसायला आईनं ब्लाउजच्या अस्तरासाठी राखून ठेवलेलं कापड. आतून आवाज यायचा, "अहो, माझी पिन?" दादा बाहेरून म्हणायचे, "कुठली पिन?" आणि पिन त्यांच्या दातांत असायची. प्लग काढून त्याची काजळी घासायची, त्याच्या फटीत हॅकसॉच्या ब्लेडचा तुकडा सरकवून बघायचा, तो न अडता पण घासून गेला पाहिजे. चेन बोटानं वरखाली करून बघायची, फार ताणलेली नको आणि लोंबतीही नको. क्लचच्या मुठीला थोडा सैल खेळ हवाच. मी डी.एड. करत होते, पण या विषयाचे माझे तास आधीच पूर्ण झाले होते. दादांचं शास्त्र तीन शब्दांचं होतं. "हवा, पेट्रोल, ठिणगी," ते म्हणायचे. "गाडी बंद पडली म्हणजे या तिघांपैकी एक कुणीतरी रुसलंय. कोण रुसलंय ते शोधायचं. उगीच किका मारत सुटायचं नाही." शेवटचं वाक्य काकांच्या घराकडे तोंड करून, जरा मोठ्यानं.

हे आटोपेपर्यंत आतला मटणाचा रस्सा दोनदा गरम झालेला असायचा आणि बाजरीच्या भाकऱ्या वाट बघून कडक झालेल्या असायच्या. दादा लाल साबणानं, मग राखेनं, मग लिंबाच्या सालीनं हात धुवायचे, तरी रॉकेलचा वास जायचा नाही. मग ते भाकरी कुस्करून चमच्यानं जेवायचे. आई म्हणायची, "साहेब आलेत आमच्याकडे जेवायला." मी तो वास नंतर कुठेकुठे हुंगला आहे, गॅरेजांत, एसटी डेपोत, आणि मला दर वेळी कडकडून भूक लागली आहे.

तर माझं डी.एड. झालं आणि काही महिन्यांनी आठवड्याच्या मधल्याच एका वारी नेमणुकीचा कागद आला. जिल्हा परिषदेची शाळा, हरसूलकडची. आमच्या खानदानात सरकारी नोकरी लागलेली मी पहिली मुलगी. आईनं तो कागद शिवणयंत्राच्या खणात ठेवला आणि दिवसभर मधूनमधून खण उघडून बघितला. कागद टपालात रखडून आला होता, त्यामुळे हजर व्हायला मोजकेच दिवस उरले होते, आणि मुदतीत हजर झालं नाही तर नेमणूक रद्द असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. आईचं म्हणणं, उद्याच सकाळच्या एसटीनं निघावं. दादा म्हणाले, "घरात गाडी असताना माझी मुलगी एसटीनं लोंबकळत जाणार? मी सोडतो तिला." मग उद्याच सोडा, आई म्हणाली. तर म्हणे, इतक्या लांब, वर घाट, आधी सर्व्हिसिंग केल्याशिवाय गाडी बाहेर काढणार नाही, आणि सर्व्हिसिंग रविवारी. आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आपल्यात मुहूर्त बघत नाहीत असं जगाला सांगत फिरता, आणि गाडीच्या सर्व्हिसिंगचा मुहूर्त बघता?" दादांनी सरळ सोमवारच्या रजेचा अर्ज टाकला. मी अगदी शेवटच्या तारखेला निघणार हे ठरलं.

त्या रविवारचं सर्व्हिसिंग म्हणजे लग्नघर होतं. दुपारनंतर दादा पेट्रोल भरून आले ते काठोकाठ, आणि उतरले तेच चुकचुकत. टाकीच्या झाकणाला टाचणीच्या टोकाएवढं एक भोक होतं. टाकी गच्च भरली की त्यातून थेंबथेंब पेट्रोल बाहेर यायचं आणि दादांनी तासभर घासून चमकवलेल्या लाल रंगावर ओघळ उमटायचा. दादा म्हणाले, "उद्या शाळेच्या दारात या ओघळाची गाडी उभी करायची का? मास्तरलोक काय म्हणतील?" आईचा स्टोव्ह गळायला लागला की ती त्या जागी धुण्याचा साबण दाबून बसवायची, आणि तो रॉकेलला महिनोन् महिने दाद द्यायचा नाही. ती आतून पिवळ्या बारचा तुकडा घेऊन आली. अंगठ्यानं चांगला मळला आणि झाकणाच्या भोकात वरून, खालून असा बसवला की भोक होतं हेसुद्धा कळू नये. दादांनी झाकण लावलं, गाडी हलवून बघितली. एक थेंब नाही. "बघा!" आई म्हणाली, "इतकी वर्षं माझ्या पिना चोरल्यात, एकदा विचारलं असतंत तर." गाडीच्या दुरुस्तीत आईला मान मिळाल्याचा तो पहिलाच प्रसंग, आणि ती त्या संध्याकाळी स्वयंपाक करताना गुणगुणत होती.

सकाळी निघालो. माझी नवी साडी, मांडीवर पिशवी, पिशवीत कागद, आणि वर आईनं दिलेली भाकरी, ठेचा आणि सुकटीची चटणी. गावातून गाडी कशी सुरेख चालली म्हणून सांगू! गंगापूर रोडला तर दादा शीळ वाजवत होते. गिरणारे बरंच मागे पडलं आणि गाडीनं दोन गचके दिले, तिसऱ्याला गप्प झाली. दादा उतरले. चेहऱ्यावर काळजी नव्हती, उलट एवढ्या दिवसांनी परीक्षा घ्यायला मिळतेय असा उत्साह होता. "घाबरू नकोस. हवा, पेट्रोल, ठिणगी." आधी झाकण उघडून टाकीत डोकावले, पेट्रोल भरपूर. मग प्लग काढला, इंजिनाला टेकवून मला किक मारायला लावली, निळी ठिणगी टपटप पडली. प्लग पुसला, लावला, किक मारली, गाडी सुरू. "प्लग," दादा म्हणाले, "प्लगचीच भानगड होती."

त्या रस्त्यानं त्या दिवशी हरसूलच्या बाजाराला निघालेली माणसं चालली होती. आम्ही प्लग बसवत होतो तेव्हा एक म्हातारी डोक्यावर पाटी, पाटीत दोन कोंबड्या, अशी आमच्याजवळून पुढं गेली. गाडी सुरू झाल्यावर आम्ही तिला मागं टाकलं. थोडं पुढं जाऊन गाडी पुन्हा गचकली आणि गप्प. या वेळी दादांनी टाकी उघडून बघितली, हवेचा फिल्टर काढून झटकला, पाईप काढून पेट्रोल येतं का पाहिलं, आणि ते छान येत होतं. तेवढ्यात म्हातारी आली. "काय मास्तर, बसलात का परत?" दादांनी नाही म्हणायच्या आत ती पुढं गेली. आम्ही तिला पुन्हा गाठलं, ओलांडलं, आणि वाघेऱ्याचा घाट लागायच्या आत पुन्हा बंद पडलो. आता दादांनी कार्बोरेटरच उघडला, आईची पिन काढली, जेटमध्ये घातली, फुंकलं. हात कोपरापर्यंत काळे. माझ्या साडीच्या काठाला कधी काय लागलं मला कळलंच नाही. म्हातारी आली, पाटी खाली ठेवून जरा टेकली, कुठं निघालात ते विचारून घेतलं आणि मला म्हणाली, "पोरी, तू चल माझ्यासंगं. पायी लवकर पोचशील. साळंतच जायचं ना? आज बाजार हाय, साळा लवकर सुटती."

मी खोटं कशाला सांगू, तोवर मला मजा वाटत होती. दादा एकदा तरी फजीत होतायत याची मजा. पण शाळा सुटली, मुख्याध्यापक घरी गेले, तर माझा कागद चिठोरं होणार होता, आणि आई घरी मशीनपुढं बसून ती बातमी ऐकणार होती. मला रडू यायला लागलं. मी म्हटलं, "दादा, एसटीनं गेलो असतो तर..." दादांनी माझ्याकडं बघितलं. त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. "शालू, मला कळत नाहीये गं. तिघंही ठीक आहेत. कोण रुसलंय, मला कळत नाहीये." असं म्हणून त्यांनी काही सुचेना म्हणून पुन्हा टाकीचं झाकण फिरवलं.

आणि तेव्हा मी तो आवाज ऐकला. सूंऽऽ असा, बारीक. तो आधीही झाला असणार, पण आधी आम्ही दोघं बडबडत होतो. स्टोव्ह बंद करताना आई त्याची हवेची चावी सैल करायची तेव्हा असाच आवाज यायचा, मी तो जन्मभर दिवसातून दोनदा ऐकत आले होते. फरक एवढाच की स्टोव्हची हवा बाहेर पडायची आणि इथं टाकी हवा आत ओढत होती. माझ्या डोळ्यांसमोर आई गोडेतेलाचा डबा फोडताना आली. ती डब्याला एका बाजूला भोक पाडायची, की लगेच समोरच्या बाजूला दुसरं. दुसरं नसलं की तेल घुटमळतं, थेंब थेंब गळतं आणि थांबतं. मी म्हटलं, "दादा, तुम्ही दर वेळी आधी झाकण उघडताय. गाडी प्लगनं सुरू होत नाहीये, झाकण उघडल्यानं होतेय. टाकीला हवाच मिळत नाही." दादा झाकण हातात धरून उभे. आम्ही दोघांनी एकदमच त्याच्याकडं पाहिलं. पिवळा साबण, वरून, खालून, चोपून बसवलेला.

पदराची सेफ्टी पिन मीच काढून दिली. दादांनी साबण कोरून काढला, भोकातून आरपार आभाळ दिसेपर्यंत. म्हातारी हे सगळं बघत होती. "झाली का बरी?" तिनं विचारलं. "झाली," दादा म्हणाले. "मग व्हा पुढं," ती म्हणाली, "मी येतेच मागून." मी बसणार तोच दादा थांबले. साबणाची ती गोळी त्यांच्या तळहातावर होती. म्हणाले, "हे आईला सांगायचं नाही." मी म्हटलं, "का? रोज चिडवता की तिला." म्हणाले, "चिडवायचं वेगळं. तिनं आपल्या हातानं लावलाय. तुझी नोकरी तिच्या साबणापायी जाणार होती, हे कळलं तर ती जन्मभर स्वतःला खात बसेल. मी बसू देणार नाही." एवढं बोलून त्यांनी गोळी पँटच्या खिशात टाकली. दादा गाडीवरच प्रेम करतात असा माझा तोवरचा समज होता.

घाट गाडीनं एका दमात काढला. शाळेच्या पटांगणात शिरलो तेव्हा पोरं 'वंदे मातरम्'ला उभी होती, म्हणजे सुटायची वेळ. मुख्याध्यापक कुलूप हातात घेऊनच उभे. दादांनी पुढं केलेला कागद त्यांनी घेतला, त्यावर दादांच्या अंगठ्याचा काळाकुट्ट ठसा होता, आणि ते हसून म्हणाले, "सही नंतर करा, आधी अंगठा मिळाला." मी हजर झाले. त्यांनी गाडीची चौकशी केली तर दादा छाती काढून म्हणाले, "काही नाही सर, प्लगचीच भानगड होती." भाकरी आणि सुकटीची चटणी आम्ही शाळेच्या ओट्यावर बसून खाल्ली. दादा हातानं जेवले. समोरून म्हातारी बाजाराकडं गेली, दादांनी तिला हात केला, तिनं मान फिरवली आणि खुदकन हसली.

मग ती गोष्ट आमच्या घराची झाली. पाहुणे आले की दादा सुरू. वाघेऱ्याचा घाट, शाळा सुटत आलेली, मुलगी रडवेली, आणि मी डोकं शांत ठेवून प्लग काढला. वर्षागणिक घाट उभा होत गेला आणि प्लग काळा. एकदा तर त्यात पाऊस आला. मी भिंतीकडं बघत बसायची. आई चहा देता देता म्हणायची, "हो ना, प्लगच." आणि आत जायची. माझं लग्न झालं, बदल्या झाल्या, दादा निवृत्त झाले. गुडघे किकला दाद देईनात तेव्हा त्यांनी गाडी द्यायचं मनावर घेतलं. घेणारा सटाण्याकडचा एक तरुण मास्तर होता. मी त्या दिवशी मुद्दाम माहेरी गेले होते. दादांनी त्याला ओटीवर दुपारभर बसवून सगळं शिकवलं. प्लग, ब्लेड, चेन, चावी, हवा, पेट्रोल, ठिणगी. घाटाची गोष्टही सांगितली, पावसासकट. तो बिचारा मान हलवत होता. "गाडी एक नंबर शे, काका," म्हणाला आणि उठला.

तेवढ्यात आई आतून पदराला हात पुसत आली. तिच्या हातात कापडाच्या तुकड्यात टोचलेली एक सुई होती. ती त्या मुलाच्या हातात देऊन म्हणाली, "ही ठेवा बाळा गाडीत. टाकीच्या झाकणाला एक भोक आहे, ते महिन्यातून एकदा या सुईनं मोकळं करायचं. ओघळ आला तर येऊ दे. त्यात साबण तर मुळीच भरायचा नाही."

मी दादांकडं बघितलं, दादा माझ्याकडं. मी मान हलवली, मी नाही सांगितलं. मुलगा गाडी घेऊन गेला. डुगडुग कोपऱ्यावरून वळली आणि या वेळी लांब लांब गेली. मग दादा म्हणाले, "तुला कधी कळलं?"

"त्याच आठवड्यात," आई गोणपाटाची घडी घालत म्हणाली. "पँटी कोण धुतं तुमच्या? खिशात साबणाची गोळी, नि तिला पेट्रोलचा वास. तेलाच्या डब्याला दुसरं भोक मीच पाडते, कळायला कितीसा उशीर? रात्रभर झोप नाही लागली मला."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही माझ्यासाठी एवढं खोटं बोलत होतात," आई म्हणाली, "कशाला मोडायचं?" आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.